‘नोंद झाली’ म्हणण्यापूर्वी

संगणकाच्या पडद्यावर ‘नोंद झाली’ किंवा ‘सेव्ह झाले’ ही अक्षरे उमटतात, तेव्हा वापरणाऱ्याच्या लेखी व्यवहार पुरा झालेला असतो आणि तो निर्धास्तपणे पुढच्या कामाला लागतो. प्रत्यक्षात ती अक्षरे आणि डिस्कवर उमटणारी कायमची खूण यांच्यामध्ये सॉफ्टवेअरचे अनेक थर असतात. प्रत्येक थर आपल्या वरच्या थराला काही शब्द देतो आणि तो पाळण्यासाठी खालच्या थराच्या शब्दावर विसंबतो. हे मधले थर लिहिणाऱ्यांना सिस्टिम्स सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणतात. त्यांच्या कामाचे वर्णन बहुधा वेगाच्या आणि किचकटपणाच्या भाषेत केले जाते, परंतु त्या कामाचा गाभा दिलेल्या शब्दाचा नेमका अर्थ ठरवण्यात आणि वीज गेली, तार निखळली, डिस्क बिघडली तरी तो अर्थ ढळू न देण्यात आहे. प्रस्तुत लेख या व्यवसायाकडे मुख्यतः एकाच प्रश्नाच्या आधारे पाहतो: लिहिलेले खरोखर लिहिले गेले आहे, असे संगणकाने कोणत्या क्षणी म्हणावे?

ज्या सॉफ्टवेअरशी सामान्य माणसाचा थेट संबंध येतो, म्हणजे पत्रलेखनाचा, हिशेबाचा किंवा पैसे पाठवण्याचा प्रोग्रॅम, त्याला ॲप्लिकेशन म्हणतात. आणि असे शेकडो प्रोग्रॅम एकाच यंत्रावर एकमेकांच्या पायात न येता चालावेत म्हणून त्यांच्याखाली जी व्यवस्था उभी असते, तिला सिस्टिम सॉफ्टवेअर म्हणतात. यंत्रसामग्रीवर थेट ताबा असलेला ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, डिस्कवरच्या जागेची वाटणी करणारी फाइल सिस्टिम, एकेका उपकरणाशी त्याच्या भाषेत बोलणारे ड्रायव्हर, प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे कंपायलर आणि माहितीचे कोठार सांभाळणारे डेटाबेस इंजिन हे सारे या व्यवस्थेत मोडते. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवलेल्या युनिक्सने या व्यवस्थेला तिची आजची ठेवण दिली, १९७३ मध्ये युनिक्सचे कर्नेल सी भाषेत पुन्हा लिहिले गेले, आणि हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलेले लिनक्स आज तीन कोटींहून अधिक ओळींचे झाले आहे. इतिहास एवढा पुरे, कारण या व्यवसायाचे मर्म एका छोट्या शब्दाच्या प्रवासात अधिक स्पष्ट दिसते.

‘नोंद’ हा शब्द घ्यावा. न, ओकाराची मात्रा, अनुस्वार आणि द अशी त्याची चार चिन्हे युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट घेतात, म्हणजे एकूण बारा बाइट. प्रोग्रॅम ‘राइट’ नावाची विनंती करून हे बारा बाइट कर्नेलच्या हवाली करतो. कर्नेल ते आपल्या स्मृतीतील ४,०९६ बाइटांच्या एका पानावर उतरवून घेते, त्या पानावर ‘डर्टी’, म्हणजे अजून डिस्कवर न पोचलेले, अशी खूण करते आणि लगेच ‘लिहिले’ असे उत्तर देते. डिस्कला या क्षणी कशाचाच पत्ता नसतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत असे पान साधारण तीस सेकंद जुने झाल्यावर, पार्श्वभूमीत दर पाच सेकंदांनी जागे होणारे एक काम त्याला डिस्ककडे रवाना करते. त्या अर्ध्या मिनिटात वीज गेली, तर ‘लिहिले’ असे उत्तर मिळूनही ‘नोंद’ नाहीशी झालेली असते.

यात फसवणूक नाही. वेगासाठी केलेला तो जाणीवपूर्वक सौदा आहे. स्मृतीतील एखाद्या जागेपर्यंत पोचायला सुमारे १०० नॅनोसेकंद, तर फिरत्या डिस्कवरील जागेपर्यंत पोचायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे एक लाखपट. स्मृतीला एक सेकंद लागतो असे मानले, तर डिस्कला त्याच मापाने एक दिवस आणि वर जवळजवळ चार तास लागतील. दर बारा बाइटांसाठी प्रोग्रॅमला इतका वेळ ताटकळत ठेवले, तर संगणक वापरण्याजोगा उरणार नाही. फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणाऱ्या एसएसडीमुळे हे अंतर बरेच कमी झाले, पण मिटले नाही. शिवाय डिस्कच्या पोटातही एक छोटी वेगवान स्मृती असते आणि तीही कर्नेलला ‘पोचले’ असे आधी सांगून प्रत्यक्ष लिहिण्याचे काम मागाहून उरकते.

ज्याला असा उधारीचा शब्द चालणार नाही, त्याच्यासाठी ‘एफसिंक’ नावाची दुसरी विनंती आहे. या फाइलचे जे काही स्मृतीत साचले असेल ते डिस्कवर उतरव, डिस्कलाही तिच्या पोटातले रिकामे करायला लाव आणि हे सारे झाल्याशिवाय उत्तर देऊ नकोस, असा तिचा अर्थ. बँकेच्या खात्यातून पैसे वजा झाल्याची नोंद करणारे डेटाबेस इंजिन याच विनंतीच्या उत्तराची वाट पाहून मगच वरच्या थराला ‘व्यवहार पूर्ण’ असे कळवते. ‘राइट’चे उत्तर म्हणजे दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून घेणे आणि ‘एफसिंक’चे उत्तर म्हणजे वहीत शाईने चढवणे, असा फरक करता येईल.

वहीचा उल्लेख येथे केवळ अलंकार म्हणून केलेला नाही. लक्ष्मीपूजनाला किंवा पाडव्याला ज्या वह्यांची पूजा होते, त्यांत जुन्या पेढीवर दोन वह्या मुख्य असत. रोजकीर्दीत दिवसाचा प्रत्येक व्यवहार घडला त्या क्रमाने उतरवला जाई आणि नंतर सवडीने तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवला जाई. खतावताना दिवा विझला, मुनीम आजारी पडला किंवा पान चुकले, तरी कीर्द शाबूत असल्यामुळे खतावणी पुन्हा उभी करता येई. संगणकशास्त्रातही नेमकी हीच रीत आहे. डेटाबेसमध्ये मूळ तक्त्याला हात लावण्यापूर्वी होऊ घातलेला बदल एका क्रमवार नोंदवहीत लिहितात आणि ती वही एफसिंकने पक्की करतात. या पद्धतीची सर्वांत परिपूर्ण मांडणी आयबीएममधील संशोधक सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये ‘एरीज’ या नावाने प्रसिद्ध केली. फाइल सिस्टिमही अशीच कीर्द ठेवू लागल्या, त्याला जर्नलिंग म्हणतात, आणि लिनक्सच्या मुख्य कर्नेलात ही सोय असलेली एक्स्ट-३ ही फाइल सिस्टिम २००१ मध्ये आली. त्यापूर्वी वीज जाऊन आल्यावर सगळी डिस्क तपासून मेळ बसवावा लागे आणि मोठ्या डिस्कवर त्यात तासन्‌तास जात. एक फरक मात्र लक्षात ठेवला पाहिजे. एक्स्ट-३ आणि तिची वारस एक्स्ट-४ यांची कीर्द नेहमीच्या मांडणीत फाइलींच्या आतल्या मजकुराची नसते. फाइलचे नाव, आकार, तिला दिलेली जागा एवढ्यांचीच असते. पेढीच्या भाषेत, कोणाच्या नावाने पान उघडले आहे याची हमी कीर्द देते. पानावर काय लिहिले आहे, याची देत नाही.

हा फरक किती महाग पडू शकतो, ते २००९ मध्ये दिसले. एक्स्ट-४ मध्ये वेगासाठी एक सुधारणा होती: मजकूर स्मृतीत असेपर्यंत त्याला डिस्कवर जागाच नेमून द्यायची नाही, आणि शेवटी सगळा मजकूर एकदम आल्यावर सलग जागा द्यायची. त्याच काळात डेस्कटॉपवरील अनेक प्रोग्रॅमांची रीत अशी होती, की आवडीनिवडीची छोटी फाइल नव्याने लिहायची, एफसिंक न करताच तिला जुन्या फाइलचे नाव द्यायचे आणि पुढे जायचे. नाव बदलल्याची नोंद कीर्दीत गेली, मजकूर स्मृतीतच राहिला आणि मध्येच यंत्र बंद पडले. पुन्हा सुरू केल्यावर वापरणाऱ्यांना शून्य बाइटांच्या फाइली मिळाल्या, जुना मजकूर गेलेला आणि नवा कधी न आलेला. एक्स्ट-४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांनी स्पष्ट केले, की अशा विनंत्यांचा अर्थ ठरवणाऱ्या मानकाप्रमाणे फाइल सिस्टिमने काहीच चुकीचे केलेले नाही, एफसिंक मागितल्याशिवाय मजकुराची हमी कधीच नव्हती. त्यांचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. तरीही त्यांनीच फाइल सिस्टिममध्ये अशी तरतूद केली, की नाव बदलून जुन्या फाइलची जागा घेण्याची ही रीत ओळखू आली की मजकुराला लगेच जागा नेमून तो आधी उतरवला जावा. या व्यवसायातील नीती या दोन कृत्यांत मिळून दिसते: कराराचा अर्थ न लपवता सांगायचा, आणि तो कळला नाही म्हणून कोणाचा मजकूर बुडू द्यायचा नाही.

याहून खोल भेग २०१८ च्या मार्चमध्ये उघडी पडली. पोस्टग्रेस हे जगभर वापरले जाणारे मुक्त डेटाबेस इंजिन. त्याच्या विकासकांपैकी क्रेग रिंगर यांनी एका बुडालेल्या माहितीचा माग काढताना असे दाखवून दिले, की एफसिंकचे उत्तर स्वतःच दिशाभूल करू शकते. पोस्टग्रेस ठरावीक काळाने साचलेली पाने एफसिंकने पक्की करते आणि मग आपल्या कीर्दीतला तेवढा जुना भाग, आता गरज नाही म्हणून, पुसून टाकते. डिस्कने तक्रार केली आणि एफसिंकचे उत्तर ‘चूक झाली’ असे आले, तर इंजिन थोड्या वेळाने पुन्हा एफसिंक मागे. दुसऱ्यांदा ‘झाले’ असे उत्तर आले, की काम फत्ते समजून कीर्द पुसली जाई. हे वागणे सरळ आणि शहाणपणाचे वाटते, पण कर्नेलच्या बाजूला वेगळेच घडत होते. डिस्ककडे पाठवलेले पान उतरले नाही, तर लिनक्स ती चूक एकदा कळवी आणि त्याच वेळी पानावरची ‘डर्टी’ ही खूण पुसून टाकी. दुसऱ्या एफसिंकला उतरवण्याजोगे काहीच सापडत नसल्यामुळे ती तात्काळ ‘झाले’ म्हणे. डिस्कवर पान नाही, स्मृतीतले पान केव्हाही टाकून दिले जाण्याच्या वाटेवर, आणि ज्या कीर्दीवरून ते पुन्हा उभे करता आले असते ती पोस्टग्रेसने स्वतःच्या हाताने पुसलेली. दुसऱ्यांदा ‘झाले’ म्हणजे सारे उतरले, ही समजूत सुमारे वीस वर्षे कोणाला खटकली नव्हती.

कर्नेलने खूण का पुसावी, याचे उत्तर ऐकल्यावर दोष कोणाच्या माथी मारावा हे ठरवणे कठीण होते. डिस्कवर लिहिता न येण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे वापरणाऱ्याने यूएसबी काडी मध्येच उपटून काढणे. अशा वेळी तिच्यासाठी राखलेली पाने ‘डर्टी’ म्हणून धरून ठेवली, तर ती कधीच उतरणार नाहीत, सुटणारही नाहीत, आणि काही वेळाने सगळी स्मृती व्यापून यंत्र ठप्प करतील. फ्रीबीएसडी या युनिक्सकुळातल्या दुसऱ्या कर्नेलने पाने डर्टीच ठेवण्याचा मार्ग पत्करला होता. म्हणजे एकाच मानकाचे दोन प्रामाणिक वाचकांनी दोन अर्थ लावले होते, कारण चूक झाल्यानंतर पानाचे काय करावे याविषयी मानक मुग्ध आहे. लिनक्समध्ये जेफ लेटन यांनी २०१७ मध्येच चुका कळवण्याची नवी व्यवस्था आणली होती, ज्यायोगे ती फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला चूक एकदा तरी कळेल. पण चूक घडल्यानंतर फाइल उघडणाऱ्याला ती कळत नसे, आणि पोस्टग्रेसची रचना तर अशी, की लिहिणारी प्रक्रिया एक आणि एफसिंक मागणारी दुसरी.

एप्रिल २०१८ मध्ये कर्नेलच्या साठवण आणि स्मृती विभागांचे विकासक अमेरिकेतील युटा राज्यात वार्षिक बैठकीसाठी जमले, तेव्हा पोस्टग्रेसचे आंद्रेस फ्रॉइंड तेथे गेले आणि दोन्ही थरांतील लोकांनी समोरासमोर बसून हा प्रश्न सोडवायला घेतला. एरवी या दोन समूहांचा संबंध एका विनंतीच्या नावापुरता. एकाने ती पुरवायची आणि दुसऱ्याने मागायची. त्याच वर्षी कर्नेलमध्ये अशी दुरुस्ती झाली, की आधी कोणीच न पाहिलेली चूक मागाहून फाइल उघडणाऱ्या पहिल्याला तरी कळावी. पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ मध्ये ११.२ आणि तिच्यासोबतच्या जुन्या मालिकांच्या आवृत्त्यांत अधिक कठोर उपाय केला: एफसिंक एकदा जरी फसली, तरी पुन्हा न विचारता सगळे इंजिन जागच्या जागी पाडायचे आणि कीर्दीवरून नव्याने उभे राहायचे. चालते इंजिन मुद्दाम कोसळवणे हा उपाय बाहेरच्या माणसाला अघोरी वाटेल, पण त्यामागचा विचार स्वच्छ आहे. आपल्या स्मृतीवर विश्वास उरला नसेल, तर ती टाकून देऊन वहीकडे जावे, आणि वही पुसण्याची घाई करू नये.

या घटनेने विद्यापीठांतील संशोधनालाही खाद्य दिले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्येच अकरा प्रसिद्ध प्रोग्रॅम तपासून, यंत्र मध्येच बंद पडल्यास माहिती बिघडू शकेल अशा साठ जागा दाखवल्या होत्या; २०२० मध्ये त्याच विद्यापीठातून एफसिंक फसल्यावर काय होते याचा अभ्यास आला, ज्यात एक्स्ट-४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या तीन फाइल सिस्टिम आणि पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, रेडिस यांच्यासह पाच प्रोग्रॅम पारखले गेले आणि तिन्ही फाइल सिस्टिमचे वागणे काही बाबतींत एकमेकांहून निराळे निघाले.

असे प्रश्न हाताळणाऱ्या विकासकाचा दिवस बाहेरून फार सामसूम दिसतो. नवीन ओळी लिहिण्यात त्याचा थोडाच वेळ जातो. बराचसा वेळ दुसऱ्याच्या ओळी वाचण्यात आणि घडून गेलेल्या गोष्टीचा पंचनामा करण्यात जातो. कर्नेल कोसळते त्याला ‘पॅनिक’ म्हणतात, आणि त्या क्षणीच्या स्मृतीची प्रत, म्हणजे क्रॅश डंप, ज्याला बोलण्यात ‘कोअर’ही म्हणतात, फाइल करून ठेवता येते. विकासक ती उघडून प्रत्येक कामाची ‘स्टॅक’ वाचतो, म्हणजे ते काम कोणत्या फंक्शनमधून कोणत्या फंक्शनमध्ये शिरून शेवटी कुठे अडकले याची उतरंड. एक काम पहिले कुलूप (लॉक, म्हणजे एखादी गोष्ट एका वेळी एकाच कामाला वापरू देणारी राखण) हाती धरून दुसऱ्यासाठी थांबलेले आणि दुसरे काम दुसरे कुलूप धरून पहिल्यासाठी थांबलेले दिसले, की यंत्र का गोठले ते कळते. पण असे सरळ चित्र क्वचित मिळते. अनेक दोष, ज्यांना ‘रेस’ म्हणतात, दोन कामांचा क्रम काही नॅनोसेकंदांनी उलटला तरच प्रकट होतात, आणि मधली स्थिती छापणारी एक ओळ घालून पाहू गेले तर तेवढ्या विलंबाने क्रम बदलून दोष अदृश्य होतो. म्हणूनच या क्षेत्रात ‘रिप्रो होतो का?’, म्हणजे दोष हमखास पुन्हा घडवून दाखवता येतो का, हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर मिळवण्यात आठवडे जातात.

जुन्या आवृत्तीत नसलेला दोष नव्या आवृत्तीत दिसला, तर शोधाची रीत वेगळी असते. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तिच्यात दहा हजारांहून अधिक बदल असतात. ‘बायसेक्ट’ या पद्धतीत मधला बदल निवडून तेथपर्यंतचे कर्नेल तयार करायचे, चालवायचे आणि दोष दिसतो की नाही यावरून अर्धे बदल बाद करायचे. दर वेळी निम्मे उरत असल्याने सोळा हजार बदलांतून एक अपराधी बदल चौदा खेपांत सापडतो. त्यानंतर लिहिला जाणारा ‘पॅच’, म्हणजे दुरुस्तीचा मसुदा, कित्येकदा दोनच ओळींचा असतो, पण त्यासोबतचे निवेदन दोन परिच्छेदांचे असते: दोष कसा घडतो, कोणत्या बदलाने आला, हीच दुरुस्ती का. मसुद्याखाली विकासक आपल्या नावाची सही करतो; हे लिखाण देण्याचा आपल्याला हक्क आहे, असे जाहीर करणारी ही प्रथा २००४ पासून कर्नेलमध्ये आहे. मग त्या भागाचा सांभाळकर्ता, ज्याला मेंटेनर म्हणतात, तो वाचतो, हरकती घेतो, आणि मसुदा चार-पाच वेळा नव्याने लिहून घेतो. दोन ओळींवर महिना खर्च होणे या कामात कोणी उधळपट्टी मानत नाही, आणि ते योग्यच आहे.

या वाचनाने अंगी मुरलेली सवय काय करू शकते, याचा दाखला आंद्रेस फ्रॉइंड यांनीच पुन्हा दिला. मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेसची वेगमोजणी करत असताना दूरच्या यंत्रात शिरण्याच्या क्रियेला सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो आहे हे त्यांना खटकले. ते माग काढत गेले आणि एक्सझेड या माहिती आवळणाऱ्या छोट्या साधनात कोणीतरी दोन-अडीच वर्षे विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. त्या आवृत्त्या स्थिर लिनक्स वितरणांत पसरण्यापूर्वीच मागे घेतल्या गेल्या.

महाराष्ट्रात या जातीच्या कामाचे प्रमुख ठाणे पुणे आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तेथे परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. डेटाबेस या विषयात अमेरिकेत डॉक्टरेट केलेले आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. आणि पुढे व्हेरिटास, रेड हॅट यांसारख्या कंपन्यांच्या येथील केंद्रांतून साठवण, बॅकअप, फाइल सिस्टिम यांवर काम होत आले. पुण्याची ओळख सांगताना वाहनउद्योग आणि विद्यापीठ यांचा उल्लेख होतो, पण फाइल सिस्टिमच्या आतल्या कुलपांवर मराठीत वाद घालणाऱ्या अभियंत्यांची एक अख्खी पिढी येथे घडली, याची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही. ‘कोअर बघितलास का?’, ‘बिल्ड कोणी तोडला?’, ‘हा रेस आहे, लॉक वाढवून जाणार नाही’ ही त्यांची रोजची मराठी. क्रियापदे आणि विभक्ती आपल्या, नामे यंत्राची. जगाच्या दुसऱ्या टोकाला ग्राहकाचे यंत्र ठप्प झाले की रात्री फोन येतो, आणि पलीकडचा माणूस आपली माहिती परत मिळेल का एवढेच विचारत असतो. त्याला उत्तर देण्यापूर्वी डंप वाचावा लागतो, आणि वाचून होण्याआधी ‘हो’ म्हणण्याचा मोह आवरावा लागतो.

कोणत्या थराचा शब्द खरा, हे वाचून कळण्याला शेवटी मर्यादा आहे, कारण सर्वांत खालचा थर डिस्कच्या आत बंद असतो आणि काही डिस्क आपल्या पोटातली स्मृती रिकामी झाल्याचे खोटेच सांगतात, हे या क्षेत्रात जुने दुखणे आहे. त्यासाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ‘डिस्कचेकर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला, ज्याचा उल्लेख पोस्टग्रेसच्या अधिकृत पुस्तिकेतही आहे. त्याची रीत साधी आहे. चाचणीचे यंत्र डिस्कवर एकामागून एक नोंदी लिहीत जाते, आणि एफसिंकने ‘झाले’ असे म्हटले की ती गोष्ट दुसऱ्या, सुरक्षित यंत्राला कळवते. ते यंत्र आपल्याकडे यादी ठेवते. लिहिणे चालू असतानाच कोणीतरी जाऊन पहिल्या यंत्राची वीजतार भिंतीतून ओढून काढतो. मग तार पुन्हा जोडायची, यंत्र सुरू व्हायची वाट पाहायची, आणि दुसऱ्या यंत्राकडची यादी हाती घेऊन एकेक नोंद डिस्कवर सापडते का ते पाहत जायचे.